मुखडेमास्तरांचा अंतरा

गाणं मोठं कशामुळे होतं हे जगात दोनच प्रकारच्या माणसांना नक्की ठाऊक असतं. ज्यांनी एकही गाणं केलेलं नाही त्यांना, आणि ज्यांचं एकच गाजलंय त्यांना. मुखडेमास्तर वयाची पन्नाशी उलटेपर्यंत पहिल्या गटात होते आणि तिथे त्यांचं उत्तम चाललं होतं.

पोटासाठी ते वाद्यांच्या दुकानात नोकरी करत. दुकान अरुंद आणि लांबलचक. पुढे काचेत टांगलेल्या गिटारी, मध्ये कीबोर्डांची रांग, मागे दुरुस्तीचं टेबल, आणि त्याच्याही मागे जिन्याखाली एक खोली. तिच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या होत्या, एवढ्यावरून सगळे तिला स्टुडिओ म्हणत. मास्तरांचं काम वाजवून दाखवण्याचं. आई, बाप आणि दोघांच्या मध्ये एक कंटाळलेलं पोर असं त्रिकूट दारात उभं राहिलं की मास्तर स्टूल ओढून बसत आणि साध्यातल्या साध्या कीबोर्डमधून असं काही काढत की आईबापांना वाटे, हे सगळं त्या खोक्यातच भरलेलं आहे, पोराने नुसतं बटण दाबायचा अवकाश. हा गैरसमज टिकवून धरणं हेच त्यांचं पगारी काम होतं.

उरलेला वेळ ते संगीतकार होते. म्हणजे गाण्यांना चाली लावत. म्हणजे, खरं सांगायचं तर, चालींची सुरुवात लावत. गाण्यात फिरून फिरून येते ती पहिली ओळ म्हणजे मुखडा, आणि ती ओळ सोडून गाणं जरा लांब हिंडून येतं तो अंतरा. मास्तरांना मुखडे उदंड सुचत. दाढी करताना सुचत, बसच्या रांगेत सुचत, दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असतानाही सुचत. अंतरा मात्र जन्मात सुचला नाही. मुखडा संपला की आता पुढे काय, या प्रश्नापाशी गाडी जी बंद पडे ती दुसऱ्या मुखड्यापाशीच सुरू होई. त्यामुळे दुकानातल्या ड्रमवाल्याने त्यांना मुखडेमास्तर म्हणायला सुरुवात केली. त्यातली टिंगल एकट्या मास्तरांना सोडून सगळ्यांना कळली.

गाणं पुरं होत नसलं की माणूस सिद्धांत करायला मोकळा होतो. मास्तरांचा सिद्धांत असा, की गाणं म्हणजे पहिले आठ सूर. "आठ सुरांत माणूस पकडायचा. नाही पकडला तर सुटला. पुढचं सगळं नुसतं भरताड," असं ते चहाच्या कपावर बोट आपटत सांगत. अंतरा न सुचणाऱ्या माणसाला हा सिद्धांत किती सोयीचा आहे, हे लक्षात यायला फार हुशारी लागत नव्हती. पण दुकानात दुसऱ्याचा सिद्धांत ऐकायला वेळ कुणाला होता? ड्रमवाल्याच्या मते गाणं म्हणजे ठेका, बाकी सगळे आपापले ओरडत असतात. मालकांच्या मते मोठं गाणं तेच, जे गिऱ्हाईकाला एका बोटाने वाजवता येतं, कारण एका बोटाने वाजलं की तो कीबोर्ड घेतो. आणि कविराज म्हणत, गाणं म्हणजे शब्द. सूर ही शब्दांची पालखी, आणि पालखी उचलणाऱ्यांनी फार बोलू नये.

कविराज म्हणजे मास्तरांचे गीतकार मित्र. दिवसा विमा कचेरीत अपघातांचे दावे नाकारत आणि संध्याकाळी जगाच्या दुःखाने कासावीस होत. त्यांनी कवितेत 'खिडकी' हा शब्द कधी वापरला नव्हता, ते 'वातायन' म्हणत.

मास्तरांच्या बायकोचंही एक मत होतं, पण ते कुणी विचारलं नव्हतं. ती घरी शिवणकाम करायची. कुणाची पॅंट आखूड कर, कुणाचा कोट सैल कर. मशीन चालवताना ती दिवसभर गुणगुणायची. नवी गाणी, जुनी गाणी, जाहिरातींची गाणी, शेजारच्या पोरांच्या शाळेचं गाणंसुद्धा. नवऱ्याचा मुखडा मात्र लग्नापासून एकदाही तिच्या ओठांवर आला नव्हता. मास्तरांनी एकदा आडून आडून विषय काढला, तेव्हा ती दोरा दातांनी तोडत म्हणाली, "अहो, तुमचं गाणं गुणगुणायला घेतलं की लगेच संपतं. मग मी पुढे काय करू? बाही अर्धीच राहते ना."

हे मास्तरांना लागलं, खोल लागलं. कारण एवढ्या सगळ्या सिद्धांतांच्या बुडाशी त्यांची इच्छा एकच होती, आणि ती फार साधी होती. मरायच्या आधी एकदा तरी एखाद्या अनोळखी माणसाने, कुणी न सांगता, रस्त्याने जाताना आपलं गाणं गुणगुणत जावं. आपण मागून चालत असावं आणि ते ऐकावं. बस. बाकी मान, हार, फोटो यांच्यासाठी ते आसुसलेले नव्हते; मिळाले असते तर नाहीही म्हणाले नसते.

आता या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. चाल आधी होते आणि शब्द मागून येतात, तेव्हा संगीतकार गीतकाराला नुसतं 'ला ला ला' देत नाही. त्याने शब्दांचं वजन कळत नाही. म्हणून तो तोंडाला येतील ते शब्द चालीवर बसवून गाऊन दाखवतो. त्याला म्हणतात डमी. गीतकाराने तेवढ्याच मापाचे खरे शब्द घालायचे आणि डमी फेकून द्यायची. शिंपी आधी जुन्या कापडावर माप बेततो, तसंच हे. मोठमोठ्या गाण्यांच्या पोटात एके काळी वाण्याचा हिशोब किंवा शेजाऱ्याला हासडलेली शिवी होती, असं जाणकार सांगतात. मास्तर डमीसाठी डोकं कधीच चालवत नसत. दुकानात असले की 'कृपया वाद्यांना हात लावू नये' आणि घरी असले की बायको जे बोलत असेल ते. कविराजांनी एका डमीवरून ताडलं होतं की मास्तरांच्या घरातला नळ गळतोय.

त्या वर्षी मास्तरांची लेक नोकरीसाठी लांबच्या शहरात गेली. एकुलती एक. तिची बॅग उचलून खाली नेताना मास्तरांना एक मुखडा सुचला, त्यामुळे निरोप घेताना त्यांचं अर्धं लक्ष तिकडे होतं. लेकीने ते ओळखलं आणि म्हणाली, "बाबा, आधी तो लिहून घ्या, मग मला टाटा करा." आणि मास्तरांनी खरंच तसं केलं. अशा माणसाला काय म्हणायचं ते वाचणाऱ्याने ठरवावं.

तेव्हापासून रोज तिन्हीसांजेला लेकीचा फोन येऊ लागला. बायको मशीन थांबवायची, फोन कानाशी धरायची आणि ठरलेले प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारायची. "जेवलीस का गं? कडी लावलीस का गं? वाळले का कपडे तुझे?" पलीकडून तीन वेळा "हो" यायचं. ती कचेरीतून येताना काहीतरी खाऊन यायची, म्हणून जेवणाचा प्रश्न एवढ्या लवकर. कडीचा प्रश्न कुठल्याही वेळी. आणि कपड्यांचा यासाठी, की तिच्या खोलीला ऊन नव्हतं. मग बायको इकडची खबर द्यायची. ती तर त्याहून ठरलेली. "इकडे काय, सगळं तसंच. बाबा आहेत तसेच. तुझ्या खोलीत इस्त्री ठेवलीय, बाकी सगळं तसंच." मास्तर समोर चहाची वाट बघत बसलेले असायचे. आपल्याविषयीची बातमी रोज तीच असते, याचं त्यांना काही वाटत नसे. फोनवर मात्र ते कधी येत नसत. बाप फोनवर आला की घरात कुणीतरी आजारी असतं, अशी त्यांच्या घरातली समजूत होती.

अशाच एका संध्याकाळी, चहाला उशीर झालेला असताना, मास्तरांच्या बोटांनी टेबलावर एक चाल धरली. नेहमीप्रमाणे मुखडा आला. डमी म्हणून समोर जे चाललं होतं ते घेतलं: जेवलीस का गं, कडी लावलीस का गं, वाळले का कपडे तुझे. मुखडा संपला. नेहमीप्रमाणे गाडी बंद पडणार, तर बायको पुढे बोलतच होती. "इकडे काय, सगळं तसंच..." आणि मास्तरांची चाल, कधी नव्हे ती, तिच्यामागोमाग उंबरठा ओलांडून बाहेर पडली. वर चढली, तिथे क्षणभर घोटाळली, 'बाबा आहेत तसेच' म्हणत एक पायरी उतरली आणि 'बाकी सगळं तसंच' म्हणत अलगद मुखड्यापाशी परत आली. बायकोने फोन ठेवला तेव्हा मास्तरांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"चहा करते हो, रडता काय," बायको म्हणाली.

"अंतरा झाला," मास्तर म्हणाले.

तिने एवढंच विचारलं की मग आता बाजारात जाता का, कारण दूध संपलंय.

गाणं पुरं झालं आणि योगही जुळून आला. मालकांच्या दुकानाला बरीच वर्षं झाली होती, म्हणून त्यांनी गावातल्या सभागृहात नव्या गाण्यांची संध्याकाळ ठरवली. बाहेरच्या दालनात कीबोर्ड सवलतीत मांडून. मास्तरांनी गाद्यांच्या खोलीत बसून स्वतःच्या आवाजात, डमीसकट, गाणं फोनवर रेकॉर्ड केलं. एक प्रत कविराजांना शब्दांसाठी दिली आणि एक गाणाऱ्या बाईंना चाल बसवायला. या बाई शाळेत संगीत शिकवायच्या. आवाज खणखणीत, आणि चाल बसवायची पद्धत एकच: पेपर तपासता तपासता कानाला लावून ऐकत राहायचं, आपोआप तोंडात बसतं. शब्द नंतर बदलता येतात, असा त्यांचा अनुभव होता.

शब्द नंतरच आले, आणि फारच नंतर आले. कविराजांना घाई मानवत नसे. एक खर्डा त्यांनी स्वतःच फाडला, एक 'अजून आतून आला नाही' म्हणून परत घेतला आणि अखेर कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी जाड कागदावर सुंदर अक्षरात गाणं आणून दिलं. 'विरहव्याकुळ नभात माझ्या स्मृतिगंधाचे दीप जळाले.' गंधाचे दीप कसे जळतात हे कविराजांना विचारायचं नसतं. मास्तर मात्र भारावून गेले. आपल्या कडी-कपड्याच्या चालीवर नभ आणि दीप येऊन बसल्यावर तिचं सोनं झालं, असंच त्यांना वाटलं. डमीचा तर त्यांना विसरच पडला. फेकायच्या चिंध्या कोण लक्षात ठेवतं?

संध्याकाळी सभागृह भरलं. फुकट होतं, आणि बाहेर गारवा होता. मास्तर रंगमंचाच्या कडेला कीबोर्डपाशी बसले. आयुष्यभरात त्यांचं पहिलं पुरं गाणं लोकांसमोर जात होतं आणि ते पडलं तर दुसरं करण्याइतकी उमेद अंगात उरली नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं. कविराज पहिल्या रांगेत डोळे मिटून बसले होते, कारण कवीने आपलं गाणं तसंच ऐकायचं असतं.

बाईंनी कागद समोर ठेवला आणि सुरुवात केली. विरहव्याकुळ नभ आलं. दीप जळाले. लोकांनी खुर्च्यांत बूड नीट केलं, कुणी खोकलं, मागे दोघंजण सवलतीविषयी कुजबुजत होते. मग अंतरा आला. चढावर कविराजांनी एक असं जोडाक्षर पेरून ठेवलं होतं की बाईंची जीभ त्यावर अडखळली. कागदावर नजर गेली, नजरेला ओळ सापडेना, आणि गळा काही थांबायला तयार नव्हता. पेपर तपासता तपासता जे तोंडात बसलं होतं तेच बाहेर पडलं.

"इकडे काय, सगळं तसंच, बाबा आहेत तसेच..."

सभागृहात हशा पिकला. पण शाळेत पंचवीस-तीस मुलांसमोर उभी राहणारी बाई, ती थांबते थोडीच. बाईंनी कागद सोडला आणि त्या पुढे गेल्या. 'तुझ्या खोलीत इस्त्री ठेवली, बाकी सगळं तसंच.' हसू अर्ध्यावर विरलं. त्या मुखड्यावर परतल्या, 'जेवलीस का गं, कडी लावलीस का गं', तेव्हा सवलतीविषयी बोलणारेही गप्प झाले होते. मास्तर खाली मान घालून वाजवत होते. आयुष्यातलं एकमेव गाणं, आणि त्याच्या चिंध्या वेशीवर टांगल्या! गाणं संपल्यावर टाळ्या पडल्या की नाही हे त्यांनी ऐकलंच नाही. ते मागच्या दाराने बाहेर पडले, कुणाला तोंड दाखवायचं नाही असं ठरवून.

आणि बाहेरच्या पायऱ्यांवर थबकले. कार्यक्रम अजून चालू होता, तरी पायऱ्या माणसांनी भरल्या होत्या. एकेकजण एकेक कोपरा धरून, पाठ फिरवून, फोन कानाला लावून उभा. एक दांडगा बाप्या कठड्याला टेकून विचारत होता, "काही नाही रे, सहजच केला. जेवलास का?" एक म्हातारी मोबाइल उलटा धरून ओरडत होती. सवलतीचे कीबोर्ड बघायला त्या संध्याकाळी कुणी फिरकलं नाही.

पुढचं सांगायला नको. कुणीतरी ते फोनवर टिपलं होतं, त्याने दुसऱ्याला धाडलं, दुसऱ्याने दहा जणांना. मग बड्या शहरातल्या रेकॉर्ड कंपनीचा फोन आला की हे रीतसर काढू या. चाल तुमची ना? हो. आणि गीतकार कोण?

मास्तरांनी कविराजांना आधीच विचारलं होतं. कविराज त्या संध्याकाळी सभागृहातून तरातरा निघून गेले होते आणि 'त्या स्वयंपाकघरी बडबडीशी' आपला काडीचा संबंध नाही, असं त्यांनी चार ठिकाणी सांगितलं होतं. गाणं सगळीकडे वाजू लागल्यावर ते म्हणू लागले की बोलीभाषेतला तो प्रयोग त्यांनीच मास्तरांना सुचवला होता, पण तोवर उशीर झाला होता. मास्तरांनी फोन हातात धरून बायकोकडे पाहिलं. ती एका कोटाला अस्तर लावत होती, तोंडात टाचण्या होत्या. तिच्याकडे बघत बघत ते फोनमध्ये म्हणाले, "पारंपरिक लिहा."

टाचण्यांमुळे ती काही बोलली नाही. टाचण्या नसत्या तरी बोलली असती, असं नाही.

मग मुलाखत झाली, कारण एक गाणं गाजलेल्या माणसाला सगळं कळतं अशी रेडिओवाल्यांचीही समजूत असते. मास्तर बोलले, आणि काय बोलले! म्हणाले, मोठं गाणं आपण करत नसतो, ते आपल्यातून येतं. म्हणाले, पहिल्या आठ सुरांचं काही खरं नाही, गाण्याचा आत्मा अंतऱ्यात असतो. म्हणाले, हे गाणं एका पहाटे, भोवती निःशब्द शांतता असताना, अचानक उतरलं. आजवर ज्याला ज्याला विचारलं त्या प्रत्येक संगीतकाराला गाणं पहाटे किंवा धावत्या गाडीत सुचलेलं असतं. चहाची वाट बघताना कुणालाच सुचत नाही. घरी बायको इस्त्री करत रेडिओ ऐकत होती.

"पहाटे तुम्ही घोरत असता," मास्तर घरी आल्यावर ती म्हणाली, आणि पान वाढायला उठली.

मास्तरांची इच्छाही पुरी झाली. भाजीबाजाराजवळ एक सायकलवाला त्यांच्या पुढून गुणगुणत गेला, कडी लावलीस का गं, कडी लावलीस का गं. मास्तर त्याच्यामागे अक्षरशः धावले, दोन गल्ल्या. त्याने ओळखलं नाही, घाबरून पॅडल जोरात मारलं. दम लागून मास्तर एका दुकानाच्या फळीवर टेकले आणि लहान मुलासारखे हसत सुटले. त्या दिवशी त्यांच्याइतका सुखी माणूस त्या गावात नसेल. त्यांच्यावर इतकं तोंडसुख घेतलं तरी एवढं कबूल करायला हवं.

दुकानात तेच गाणं एका बोटाने वाजू लागलं. मालकांचा सिद्धांत खरा ठरला. आणि कंपनीने कळवलं, असंच आणखी एक द्या.

असंच आणखी एक! मास्तरांना कृती ठाऊक झाली होती. संध्याकाळी ते टेबलाशी बसले, चहा मुद्दाम मागितला नाही, आपला फोन रेकॉर्डिंग चालू करून वर्तमानपत्राखाली लपवून ठेवला आणि वाट बघू लागले. लेकीचा फोन आला. बायकोने मशीन थांबवलं.

"बरी आहेस ना? बरं. हो, आम्ही बरे. ठेवते."

बस. मास्तरांना वाटलं, आज कामाची घाई असेल. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. बरी आहेस ना, बरं, ठेवते. मशीन परत सुरू. मास्तर चिडले. अंतरा सोडाच, यात धड मुखडादेखील नव्हता.

"तू हल्ली तिला नीट काही विचारत का नाहीस?" त्यांनी शेवटी विचारलंच.

"काय विचारू?"

"नेहमीचं. जेवलीस का, कडी..."

"विचारलं की ती गाते." बायकोने हातातलं कापड खाली ठेवलं नाही. "मी म्हटलं, जेवलीस का गं, की ती पुढचं गाऊन दाखवते. शेजारच्या खोलीतल्या मुली पण येतात, त्या कोरसमध्ये गातात. आधी मलाही हसू आलं. चार दिवस हसले मी. पण मग ती जेवली की नाही ते कळतच नाही हो. आणि मी गाणंच म्हणतेय असं वाटतं मला. रस्त्यात सगळे म्हणतात ते. ते आता तुमचं झालं."

"मग दुसऱ्या शब्दांत विचार," मास्तर म्हणाले.

"माझ्याकडे तेवढेच होते," ती म्हणाली.

मशीन सुरू झालं. मास्तर बसून राहिले. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की बायको बऱ्याच दिवसांत गुणगुणलेली नाही. कुणाचंच नाही. जिच्या ओठांवर आपला मुखडा एकदाही आला नाही, तिच्या तोंडचे रोजचे तीन प्रश्नच आपण उचलून आणले आणि गावभर वाटले. मास्तरांना लाज वाटली. साधी, सरळ लाज, जिच्यावर सिद्धांत करता येत नाही. वर्तमानपत्राखालचं रेकॉर्डिंग त्यांनी बंद केलं, तेही चोरून.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला तेव्हा बायको आतल्या खोलीत इस्त्री करत होती. मास्तरांनी उचलला.

"बाबा?" लेक ओरडलीच. "काय झालं? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. सगळे बरे आहेत." मास्तरांनी घसा साफ केला. "जेवलीस का?"

पलीकडे हसू फुटलं. "कडी लावलीस का गं, वाळले का कप..." लेकीने सूर लावला, आणि चांगला लावला होता, बापाचा कान तिने घेतला होता. मास्तरांची बोटं टेबलावर आपोआप ठेका धरू लागली. त्यांनी तो हात मांडीखाली दाबून धरला आणि ती थांबेपर्यंत वाट बघितली.

"झालं गाणं?" ते म्हणाले. "आता सांग. जेवलीस का?"

शब्द सपाट निघाले, ना वजन, ना लय. आयुष्यात इतकं बेसूर ते कधी बोलले नव्हते. पलीकडे शांतता पसरली. मास्तरांना शांततेची सवय नव्हती, ते ती नेहमी कशाने तरी भरत. या वेळी भरली नाही.

"नाही," लेक म्हणाली. आवाज एकदम लहान झाला होता. "नाही जेवले, बाबा. कालही नाही."

इतके महिने रोज तीनदा 'हो' ऐकलं होतं त्या घराने. मास्तरांना पुढे काय विचारायचं ते सुचेना. मदतीसाठी मागे वळून बघतात तो बायको दारात उभी होती, इस्त्री आत तशीच ठेवून, हात पुढे करून. त्यांनी फोन तिच्या हातात दिला.

"कडी लावून घे आधी," ती फोनमध्ये म्हणाली, "आणि मग नीट बस आणि सांग मला काय झालंय."

मास्तर आत गेले, इस्त्री बंद केली. तिथूनही बायकोचा आवाज ऐकू येत होता. हळू, थांबत थांबत, कधी न ऐकलेले शब्द. त्यांचा कान तिकडे ओढ घेऊ लागला, जन्माची खोड. म्हणून त्यांनी चपला पायात सरकवल्या, बाहेर पडले, दार ओढून घेतलं आणि आतलं काहीच ऐकू येणार नाही इतकं लांब, रस्त्यापलीकडच्या कट्ट्यावर जाऊन बसले.